रोहिणीच्या आत बियाणे पाड्यावर: आदिवासी शेतकऱ्यांसाठी बियाणेवाटप आणि प्रशिक्षण कसे आखावे

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाड्यावर पोहोचलेले भाताचे बियाणे बहुतेक वेळा उखळात जाते. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. तोवर रोपे लावणीला आलेली असतात, घरातले धान्य तळाला गेलेले असते, मजुरीही हाताला नसते. अशा वेळी दारात आलेले पाच किलो भात राखून ठेवायचे कशासाठी? वाटपाच्या कार्यक्रमाचे फोटो मात्र छान येतात, कारण पाऊस पडून डोंगर हिरवे झालेले असतात.

म्हणून आखणी उलट बाजूने करा. रोहिणी नक्षत्र साधारण २५ मे रोजी लागते, मृग ७-८ जूनला. अकोले, जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात राब, म्हणजे पाला-शेण जाळून केलेली रोपांची जागा, भाजून तयार असतो आणि अनेक घरे रोहिणीतच धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, बी टाकतात. म्हणजे बियाणे २० मेपर्यंत घरात हवे. त्यासाठी उगवण चाचणी एप्रिलमध्ये, बियाण्याची मागणी मार्चमध्ये आणि लाभार्थ्यांची यादी होळीच्या आसपास झालेली हवी. यातले एक काम घसरले की पुढची सगळी घसरतात. खालची मांडणी सह्याद्रीतल्या भात, नाचणी, वरईच्या पाड्यांसाठी आहे. सातपुडा किंवा मेळघाटात पिके बदलतील, क्रम तोच राहील.

यादी

ग्रामपंचायतीत बसून केलेल्या यादीत नेमकी गरजेची घरे गळतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऊसतोडीला गेलेलीही उन्हाळ्यातच घरी येतात. फेब्रुवारीत पाड्यावर फक्त म्हातारीकोतारी आणि लहान पोरे असतील, तर त्यांना विचारूनच नावे घ्या. "घर बंद" असा शेरा मारून पुढे जाऊ नका. भिल्ल, पावरा आणि कोरकू गावांत होळीला गाव भरलेले असते, तिथे यादीचा दिवस तोच धरा. एवढे करूनही काही नावे सुटतातच. त्यांच्यासाठी दहा टक्के बियाणे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राखून ठेवा.

कागदपत्रे पैसा कुठून येतो त्यावर ठरतात. आदिवासी उपयोजनेच्या निधीतून वाटप असेल तर जातीचा दाखला, सात-बारा, आठ-अ आणि आधार मागितले जाते. वनजमीन कसणाऱ्यांकडे सात-बारा नसतो. त्यांच्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा पट्टा असेल तर तो घ्या. हा पट्टा कायद्याने पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, त्यामुळे यादीत बाईचे नाव लिहायला तिथे काहीच अडचण नाही. दावा अजून प्रलंबित असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडता येतो का, हे निधी देणाऱ्याला आधीच विचारून ठेवा. वाटपाच्या दिवशी रांगेत उभ्या माणसाला "तुझे कागद नाहीत" म्हणून परत पाठवण्यासारखे वाईट काम नाही. पैसा संस्थेचा स्वतःचा असेल तर कागद मागूच नका.

प्रत्येक घराला चार गोष्टी विचारा: खाचर (बांध घातलेले, पाणी धरणारे भातशेत) किती आणि वरकस (उताराची हलकी जमीन) किती, खाचरातली ओल दसऱ्यापर्यंत टिकते की दिवाळीपर्यंत, गेल्या वर्षी कोणते वाण लावले आणि बी घरचे होते की विकतचे, लावणीला घरातले हात किती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे आहे, पुढे वाण त्यावरच ठरतो. यादी झाली की संध्याकाळी पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवा. दुबार नावे आणि सुटलेल्या विधवा बाया तिथेच कळतात, कागदावर कळत नाहीत.

वाण कोणता

इंद्रायणीला मागणी असते, कारण तांदूळ वासाचा आणि बाजारात भाव बरा. पण ते १३५ ते १४० दिवसांचे वाण आहे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेरले तर ऑक्टोबरच्या अखेरीस येते. दिवाळीपर्यंत ओल धरणाऱ्या सखल खाचरात ते साधते. दसऱ्याला भेगा पडणाऱ्या वरच्या खाचरात लोंबी बाहेर पडते, पण दाणा भरत नाही आणि झोडणीला निम्मे पोल, म्हणजे पोकळ दाणे, निघते. लोक म्हणतात बियाणे बोगस होते. बियाणे चांगले असते, जागा चुकलेली असते. अशा वरच्या शेतांना १०० ते ११५ दिवसांत येणारी वाणे द्या. कर्जत आणि रत्नागिरीच्या संशोधन केंद्रांनी अशी हळवी वाणे काढलेली आहेत, कर्जत-३ त्यातलेच.

संकरित बियाणे या कार्यक्रमात देऊ नका. संकरित भाताचे घरचे बी दुसऱ्या वर्षी लावले की एका खाचरात उंच, बुटके, लवकर आणि उशिरा येणारे असे सगळे एकत्र दिसते. म्हणजे दरवर्षी विकत घेणे आले, आणि ज्या घरात रोख पैसा फक्त मजुरीतून येतो तिथे आपण एक नवा खर्च लावून दिला. भात, नाचणी, वरई, उडीद, भुईमूग ही स्वपरागीभवन होणारी पिके आहेत; त्यांचे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण वर्षानुवर्षे घरी राखता येते. तुरीत मधमाश्यांमुळे बऱ्यापैकी संकर होतो, म्हणून तुरीचे बी राखायचे प्लॉट दुसऱ्या तुरीपासून शे-दोनशे मीटर लांब हवेत.

बाहेरून बी आणण्याआधी शेजारच्या खोऱ्यात काय आहे ते पाहा. काळभात, जिरवेल, आंबेमोहोर यांसारखी वाणे अजून काही घरांत असतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावोगावचे असे बी गोळा करून, वाढवून वाटल्याबद्दलच. वरईच्या बाबतीत तर बहुतेक वेळा पाड्यावरचेच बी निवडून, चाळून घेणे शहाणपणाचे ठरते. स्थानिक बी विकत घ्यायचे असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्या. एप्रिलमध्ये ते विकले किंवा खाल्ले गेलेले असते.

आणखी एक नियम पाळा: पहिल्या वर्षी कोणत्याही घराचे सगळे बी बदलू नका. नवे वाण फक्त दहा गुंठ्यांवर, बाकी रानात त्यांचे स्वतःचे. नवे फसले तरी घर उपाशी राहत नाही, आणि शेजारी-शेजारी उभी दोन वाणे पाहून शेतकरी आपला निर्णय आपण घेतो.

किती द्यायचे

रोपलावणीच्या भाताला हेक्टरी ३० ते ४० किलो बियाणे लागते. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे तीन ते चार किलो. पाच किलो द्या, कारण उंदीर, पाखरे आणि पावसाचा खंड यांचा वाटा असतोच. नाचणी लावणीसाठी हेक्टरी ४ ते ५ किलो, म्हणजे दहा गुंठ्यांना अर्धा किलो. बांधावर टोचायला तूर २०० ग्रॅम: फूट-फूट अंतरावर दोन-दोन दाणे टाकले तर त्यात साधारण ३०० मीटर बांध होतो. ज्यांना जमीनच नाही त्यांना परसबागेचे बी द्या: दोडका, भोपळा, वाल, गवार, माठ. दहा-वीस ग्रॅमची पुडी पुरते.

५० घरांचा हिशेब असा: भात २५० किलो, नाचणी २५ किलो, तूर १० किलो. वर दहा टक्के राखीव धरले की २७५, २७.५ आणि ११. पिशव्यांच्या मापात बसवण्यासाठी भात २८० किलो घ्या.

मापाबद्दल सावध राहा. पायली आणि शेर गावागणिक वेगळे असतात, आणि नाचणीची पायली भाताच्या पायलीपेक्षा वजनाला जास्त भरते. एक साधा काटा घेऊन जा. पाच किलो भात एका डब्यात ओतून, पातळीवर रंगाची रेघ मारून तो डबा पाड्यावरच ठेवा. पुढे परतफेडीलाही तोच कामी येतो.

खरेदी आणि उगवण चाचणी

पिशवीवरचे लेबल आधी पाहा. प्रमाणित बियाण्याला निळे, पायाभूत (ज्यापासून प्रमाणित बियाणे तयार करतात त्या) बियाण्याला पांढरे आणि सत्यप्रत (विकणाऱ्याच्या स्वतःच्या हमीच्या) बियाण्याला हिरवे लेबल असते. लेबलवर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि वैधता असते. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण भातात ८० टक्के, नाचणीत आणि तुरीत ७५ टक्के असावी लागते. वैधता तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने. मेमध्ये मिळालेल्या पिशवीची मुदत जूनमध्ये संपत असेल तर ती घेऊ नका. बिलावर लॉट क्रमांक लिहून घ्या. कृषी विद्यापीठे आणि महाबीज (राज्याचे बियाणे महामंडळ) यांच्याकडे मागणी मार्चमध्ये नोंदवा, चांगली वाणे आधी संपतात. ५० पैकी चार-पाच घरांसाठी, जी काळजीपूर्वक शेती करतात त्यांच्यासाठी, पांढऱ्या लेबलचे पायाभूत बियाणे मिळवा. बीजोत्पादनाचे प्लॉट त्यांच्याकडे होतील.

लेबल असले तरी चाचणी करायचीच. दोन-तीन पिशव्यांच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी घेऊन मिसळा. न निवडता १०० दाणे मोजा. बरे बरे दाणे वेचले तर चाचणीला अर्थ राहत नाही. ओले करून पिळलेले गोणपाट पसरा, दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरे ओले फडके घाला, हलकी गुंडाळी करून दोरीने बांधा आणि सावलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. गुंडाळी निथळत नसावी, नाहीतर दाणे कुजतात. सात-आठ दिवसांनी उघडून कोंब आणि मूळ दोन्ही नीट आलेले दाणे मोजा. नुसते मूळ आलेले, बुरशी चढलेले, वाकडे कोंब धरू नका.

८० च्या वर आले तर ठीक. ७० आले तर प्रमाण वाढवा: ५ गुणिले ८०, भागिले ७०, म्हणजे सुमारे ५.७ किलो. ६५ च्या खाली आले तर माल परत करा. ही चाचणी एप्रिलमध्ये का, हे आता कळेल: २० मेला निकाल आला तर परत करायला वेळच उरत नाही. घरच्या भाताची चाचणी डिसेंबरात केली आणि आकडा कमी आला तर घाबरू नका. काही वाणांच्या ताज्या दाण्याला सुप्तावस्था असते. तीच चाचणी फेब्रुवारीत पुन्हा करा.

चांगले बियाणेही साठवणीत मरते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत, सिमेंटच्या जमिनीवर, खताच्या गोण्यांशेजारी ठेवलेल्या पिशव्या हे त्याचे नेहमीचे कारण. फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, खत-औषधापासून वेगळ्या खोलीत ठेवा. प्रत्येक लॉटमधले अर्धा किलो बी लेबलच्या फोटोसह सीलबंद करून बाजूला ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच नमुना, बिल आणि पिशवी लागते. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यायची आणि पीक शेतात उभे असताना द्यायची. कापणी झाल्यावर पाहायला काही उरत नाही.

वाटपाचा दिवस

बाजाराचा दिवस टाळा. सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी. वाटप रस्त्यावरच्या शाळेत न करता पाड्यावर करा. दहा किलोची पिशवी तीन किलोमीटर चढून न्यायला बायांना लावू नका. सांगणाऱ्याला पाड्याची बोली येत नसेल तर पाड्यावरचीच एखादी शिकलेली मुलगी सोबत घ्या आणि एकेक पायरी तिच्याकडून सांगून घ्या.

भाताच्या पिशव्या बहुधा १० किंवा २५ किलोच्या येतात. दहाची पिशवी दोन घरांत लावली की पाच-पाच किलोचा हिशेब जुळतो. पण पिशवी फोडली की लेबल एकाकडेच राहते. लेबलचा फोटो घ्या, लॉट क्रमांक नोंदवहीत दोन्ही नावांपुढे लिहा आणि लेबल वहीलाच टाचून ठेवा.

या दिवशी बीजप्रक्रिया दाखवायची, पण सगळ्या बियाण्यावर करून द्यायची नाही. इथे फार जण चुकतात. मेच्या मध्यावर सगळे बी मिठाच्या पाण्यातून काढून, जिवाणू लावून वाटले जाते. पुढे ते दोन-तीन आठवडे अर्धवट ओलसर पिशवीत राहते, बुरशी धरते, आणि जिवाणू तर केव्हाच मेलेले असतात. प्रात्यक्षिक एका किलोवर करा. खरी प्रक्रिया पेरणीच्या एक-दोन दिवस आधी.

ती अशी. घमेल्यात १० लिटर पाणी घ्या, त्यात ३०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. मीठ विरघळल्यावरच बी घाला. आधी बी आणि वरून मीठ टाकले तर पोल दाणे नीट वेगळे होत नाहीत. हाताने ढवळून पाच मिनिटे थांबा. वर तरंगणारे पोचट दाणे चाळणीने काढून टाका. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना वाटते की केवढे बी वाया गेले. त्यांना तरंगलेला दाणा नखाने फोडून दाखवा, आत पोकळ किंवा पांढरी भुकटी असते. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा, कारण मीठ राहिले तर उगवण मारते. मग गोणपाटावर सावलीत २४ तास वाळवा. रहू पेरायचा असेल, म्हणजे मोड आणून चिखलावर टाकायचे असेल, तरी मिठाचे पाणी आणि धुणे चुकवू नका.

वाळल्यावर बुरशीनाशक, उदाहरणार्थ थायरम किलोला ३ ग्रॅम, म्हणजे पाच किलोला १५ ग्रॅम. या भुकटीच्या पुड्या घरोघर वाटू नका. पेरणीच्या आदल्या दिवशी पाड्यावरच्या एका ओट्यावर सगळ्यांनी आपापले बी आणावे आणि शिकवलेल्या दोघांनी हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून ते चोळावे. पोरे आणि कोंबड्या लांब. भुकटी लावलेले बी खायचे नाही, धुऊन वाळवले तरी खायचे नाही, उरलेले कोंबड्यांना टाकायचे नाही. हे तीनदा सांगा आणि पिशवीवर लाल रंगाची फुली मारा. ज्या पाड्यावर धान्याची ओढ आहे तिथे रासायनिक भुकटीऐवजी ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम लावा. थायरम आणि ट्रायकोडर्मा एकत्र लावायचे नाही, पहिले दुसऱ्याला मारते.

शेवटी जिवाणू खत, किलोला २५ ग्रॅम: भात-नाचणीला अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, तूर-उडदाला रायझोबियम. २५० ग्रॅमचे पाकीट दहा किलोला, म्हणजे पुन्हा दोन घरांना पुरते. गुळाच्या पातळ, गार पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पेरा. पाकीट उन्हात राहिलेले किंवा मुदत संपलेले असेल तर आत नुसती माती उरते.

रोपवाटिका आणि लावणी

राबाबद्दल लोकांना उपदेश करू नका. पाला, शेण, काटक्या जाळून भाजलेल्या जागेत तण कमी उगवते, राख मिळते आणि रोपे सहज उपटतात. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या रीतीला कारणे असतात. पर्याय शेजारी उभा करून दाखवा. दहा गुंठे लावणीसाठी एक गुंठा रोपवाटिका लागते. एक-सव्वा मीटर रुंद आणि ८ ते १० सेंटीमीटर उंच गादीवाफे करा. भाताच्या तुसाची काळसर राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळा. राखेतल्या सिलिकामुळे रोप कणखर होते. बी ओळीत, उथळ पेरा. एका वाफ्यात राख, दुसऱ्यात राब, तिसऱ्यात काहीच नाही, असे तीन वाफे एकाच बांधावर असले की भाषण करावे लागत नाही.

लावणीचे प्रशिक्षण चिखलात घ्या, रोप २१ ते २५ दिवसांचे असताना. पाऊस लांबला की रोपे ३५-४० दिवसांची होतात आणि मग फुटवे कमी येतात. म्हणून ज्याच्याकडे थोडेफार पाणी आहे त्याचे आणि पावसावर अवलंबून असलेल्याचे बी एकाच दिवशी टाकायला सांगू नका. आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत टाकले तर एक तरी टप्पा वेळेत सापडतो.

डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत डोंगराळ, वाहत्या पाण्याच्या खाचरांना चांगली बसते. राख हे पहिले सूत्र झाले. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला हेक्टरी ३ टन, म्हणजे दहा गुंठ्यांना ३०० किलो, चिखलणीपूर्वी पसरायचा. बांधावर गिरिपुष्प नसेल तर हे सूत्र पहिल्या वर्षी सोडून द्या आणि पावसाळ्यात बांधावर फांद्या रोवा. तिसरे, नियंत्रित लावणी: दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटर अशा आलटून-पालटून खुणा, ओळींचे अंतरही तसेच, प्रत्येक चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन रोपे, खोली अडीच-तीन सेंटीमीटर. त्यामुळे चार चुडांचा एक छोटा चौकोन तयार होतो. चौथे सूत्र त्या चौकोनाच्या मध्यभागी जाते: युरिया-डीएपी खताची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी), ७ ते १० सेंटीमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला ६२५ ब्रिकेट, वजन १.७ किलो, दहा गुंठ्यांना १७ किलो.

फेकलेला युरिया अशा खाचरांतून पहिल्या मोठ्या सरीबरोबर खालच्या ओढ्यात जातो. खोल दाबलेली ब्रिकेट जागेवर राहते. मात्र ती वरवर खोचली, किंवा चिखल घट्ट होऊन बोट आत जाईना म्हणून तशीच ठेवली, तर पैसे वाया. ब्रिकेट ओल खातात आणि फुटतात, म्हणून प्लॅस्टिकच्या बंद पिशवीतच ठेवा आणि खाचरात लागतील तेवढ्याच बाहेर काढा.

दोरीने लावणीचा वेग पहिल्या दिवशी निम्म्यावर येतो. आवणीचे दिवस घाईचे, बाया वैतागतात आणि दोरी बांधावर पडून राहते. दहा गुंठ्यांचा आग्रह सोडा. दोन-तीन गुंठे, इर्जिक करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून, एका घराच्या शेतात. दुसऱ्या दिवशी हात बसतो.

नाचणीची रोपेही २१ ते २५ दिवसांची, उताराला आडव्या ओळीत, ओळींत साडेबावीस आणि रोपांत दहा सेंटीमीटर, एका जागी दोन. नाचणीच्या वाफ्यात बी दाट पडते ही नेहमीची चूक; बारीक वाळू मिसळून टाका.

बी राखणे

सप्टेंबर-ऑक्टोबरमधले प्रशिक्षण सगळ्यांत जास्त वेळा गाळले जाते, कारण तोवर निधीचा हिशेब बंद व्हायला लागलेला असतो. ते टाळले तर पुढच्या मेमध्ये पुन्हा पिशव्या विकत घ्याव्या लागतात.

प्लॉटचा मधला भाग बियाण्यासाठी धरा, कडेचा मीटर-दोन मीटर पट्टा खाण्यासाठी सोडा. भातात दुसऱ्या वाणापासून तीन मीटर अंतर पुरते. भेसळ तीनदा काढा: फुलोऱ्यात, दाणा भरताना आणि कापणीपूर्वी. जे रोप इतरांपेक्षा वीतभर उंच, आठवडाभर लवकर निसवलेले (लोंबी बाहेर पडलेले), वेगळ्या रंगाच्या तुसाचे किंवा कुसळाचे, ते मुळासकट उपटा. नुसती लोंबी खुडली तर फुटव्याला पुन्हा लोंबी येते.

कापणीनंतर बियाण्याची झोडणी वेगळी, आणि सगळ्यांच्या आधी, खळे झाडून. खळ्यात राहिलेले कालच्या वाणाचे मूठभर दाणे वर्षभराची निवड बिघडवतात. तीन-चार दिवस उन्हात वाळवा, पण दुपारच्या कडक उन्हात काळ्या प्लॅस्टिकवर किंवा डांबरी रस्त्यावर नको. दाताखाली दाणा कट् असा तुटला पाहिजे. शंका असेल तर काचेच्या कोरड्या बरणीत कोरडे मीठ आणि मूठभर बी घालून हलवा. मीठ काचेला चिकटले तर अजून ओल आहे.

साठवायला शेणमातीने लिंपलेली कणगी चांगली, तळाला राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. प्लॅस्टिकचा ड्रम उंदरापासून वाचवतो, पण त्यात अर्धवट वाळलेले बी भरले तर घाम धरून मरते. तूर, वाल, उडीद यांना भुंगा लागतो आणि त्याची अंडी शेतातूनच येतात. म्हणून कडधान्याला ऊन देऊन, किलोला पाच-दहा मिली गोडे तेल चोळून किंवा राखेत मिसळून ठेवा.

बीजपेढी आणि परतफेड

सवाई आणि दिढी (घेतलेल्या धान्याच्या सव्वापट किंवा दीडपट परत देणे) हे शब्द पाड्यावर नवे नाहीत. सावकाराच्या खावटीतून (खाण्यासाठी उसन्या घेतलेल्या धान्यातून) ते सगळ्यांनी सोसलेले आहेत. बीजपेढीचा, म्हणजे परत आलेले बी साठवून पुन्हा देणाऱ्या पाड्याच्या कोठाराचा, वाढावा सावकाराच्या घरी न जाता पाड्यावरच राहतो, हे पहिल्याच बैठकीत उघड बोला आणि दर लोकांनाच ठरवू द्या. दिढी ठरली तर पाच किलोला साडेसात किलो परत. ५० पैकी ४० घरांनी परत केले तरी ३०० किलो जमते, म्हणजे पुढच्या वर्षी ६० घरांना पुरते. पीक बुडालेल्या घराची फेड पुढच्या वर्षावर न्या, त्यावर वाढावा लावू नका.

परतफेड डिसेंबरअखेरपर्यंत घ्या. संक्रांतीनंतर धान्य विकले जाते किंवा लग्नकार्यात संपते. येणारे बी सुपात पसरून पाहा. भेसळीचे किंवा ओले असेल तर नाकारू नका. ते खाण्याच्या धान्याच्या वेगळ्या कणगीत टाका, विकून आलेल्या पैशातून पिशव्या, जिवाणू खत घ्या. चांगल्या आणि भेसळीच्या बियाण्याची कणगी एक झाली की पेढी दोन वर्षांत बंद पडते. किल्ली बचत गटातल्या दोन बायांकडे ठेवा, दोघी एकाच घरच्या नकोत. वहीत नाव, वाण, लॉट, दिले, परत आले, उगवण टक्के, शेरा, एवढे रकाने पुरतात. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक वाणाची एक लोंबी त्या पानाला चिकटवा.

कायद्याची भीती घातली जाते, म्हणून एवढे माहीत असू द्या: २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे; फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. पेढीने छापील पिशव्या भरून बाजारात विक्री सुरू केली तर बियाणे परवाना लागतो. पाड्यावरच्या देवघेवीला लागत नाही.

फेब्रुवारीत कणग्या उघडा, प्रत्येकीतले शंभर दाणे गोणपाटावर मांडा आणि आठव्या दिवशी आकडा वहीत लिहा. ८० च्या वरचे बी वाटायचे, ६५ ते ८० मधले वाढीव मापाने द्यायचे, त्याखालचे दळायचे. जेवढे कमी पडेल तेवढीच मार्चची मागणी नोंदवा.